बॅटरीपासून एक हात

शनिवार, सकाळी १०.३०. आगीला २१ तास.

पुण्यातल्या एका गॅरेजात निसान ३७०झेड लिफ्टवर चढली आहे. चारही चाकं उतरवलेली, मूळच्या स्प्रिंगा भिंतीशी उभ्या, आणि त्यांच्या जागी हवेने फुगणारे काळे रबरी बेलो बसताहेत. उद्या सकाळी लोणावळ्याला हौशी गाडीवाले जमणार आहेत. मालकाला गाडी तिथे पार जमिनीला टेकवून उभी करायची आहे आणि बटण दाबून सगळ्यांसमोर वर उचलायची आहे.

पुढे जाण्याआधी एक सांगायला हवं. ही गाडी, तिचा मालक, हे गॅरेज आणि हा रविवार मी रचलेला आहे. तारेची जाडी, अँपिअर, उष्णता आणि आग लागण्याची रीत यांतलं मात्र काहीही रचलेलं नाही. गाड्यांना बाहेरून यंत्रणा बसवताना जी चूक पुन्हा पुन्हा होते, ती तासातासाने कशी वाढत जाते हे दाखवायचं, तर एक गाडी समोर हवी.

हवेवरच्या सस्पेन्शनमध्ये स्वतःहून भयंकर असं काही नाही. मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये ते १९९८ पासून कारखान्यातूनच बसून येतं. ट्रक आणि बसला तर ते नित्याचं. इथे डिकीत १९ लिटरची एक टाकी, तिच्याशेजारी दोन छोटे कॉम्प्रेसर, चार चाकांकडे हवा वाटून देणारा मॅनिफोल्ड आणि दाबावर लक्ष ठेवणारा एक स्विच. टाकीतला दाब १६५ पीएसआयच्या खाली गेला की कॉम्प्रेसर सुरू, २०० ला पोहोचला की बंद. फिटर हुशार आहे. बेलो कुठे घासतो, चाक वळल्यावर नळी ताणली जाते का, हे तो दहादा तपासतो. साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड बघतो. हवा गळली तर गाडी सर्वांदेखत खाली बसेल, म्हणून सगळं लक्ष हवेकडे.

वीज उरली संध्याकाळवर.

दुपारी ३.३०. आगीला १६ तास.

तार आली. पाकिटावर ४ गेज लिहिलंय. गाडीत मोठा ॲम्प्लिफायर बसवणाऱ्यांसाठी जे संच विकले जातात, त्यातली ही. बोटाएवढी जाड, लालभडक, हातात हलकी.

या हलकेपणाकडे बघायला हवं होतं. खऱ्या ४ गेज तारेत सुमारे २१ चौरस मिलिमीटर तांबं असतं. अशा ५ मीटर तारेचा रोध जेमतेम ४ मिलिओहम. दोन्ही कॉम्प्रेसर मिळून ४० अँपिअर ओढत असतील, तर बॅटरीपासून डिकीपर्यंत व्होल्टचा सहावा हिस्सा वाटेत पडतो. तेवढा चालतो. स्वस्त संचांमध्ये मात्र बऱ्याचदा आतला गाभा ॲल्युमिनियमचा असतो, वर तांब्याचा नुसता मुलामा, आणि आवरण इतकं जाड की आतला धातू निम्माच निघतो. सोलून चाकूने एक धागा खरवडला की आत पांढरा चमकतो. ही तार तशीच आहे. आत १० चौरस मिलिमीटरच्या आसपास धातू, तोही मुलाम्याचा. ५ मीटरचा रोध १४ मिलिओहम, आणि ४० अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त घट.

तरीही, आणि हे नीट समजून घ्यावं, ही तार रोजच्या वापराने जळणार नाही. ४० अँपिअरला तिच्या सबंध लांबीत मिळून वीस-बावीस वॅट उष्णता तयार होते. हात लावला तर कोमट लागेल, इतकंच. मी असे कितीतरी लोक बघतो ज्यांना वाटतं, जाड तार घेतली की सुरक्षिततेचा विषय संपला. जाड तारेने कॉम्प्रेसर जोमात चालतो. शॉर्ट झाल्यावर तीच जाड तार बॅटरीतला सगळा प्रवाह विनातक्रार वाहून नेते, कारण तिचा रोधच कमी. तार जितकी दणकट, तितकी तिला अडवणाऱ्याची गरज मोठी.

संध्याकाळी ६.३०. आगीला १३ तास.

बॅटरी पुढे, बॉनेटखाली मागच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या झाकणाआड. कॉम्प्रेसर मागे. म्हणजे तारेला सगळी गाडी ओलांडायची आहे.

वायरमन फायरवॉलमधून तार नेताना कसूर करत नाही. मूळच्या वायरिंगचं रबरी ग्रोमेट शोधतो, त्यालाच भोक पाडतो, तारेवर नालीदार नळी चढवतो. पत्र्याला नवं भोक पाडून कोरी कड तशीच सोडणारे असतात. हा त्यातला नाही.

आत आल्यावर मात्र वेळ आडवा येतो. तारेची योग्य वाट दाराच्या उंबऱ्यातून. कारखान्याचं वायरिंग तिथूनच जातं, खाचेत बसवलेलं, क्लिपांनी धरलेलं. त्यासाठी उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढावी लागते. तिच्या क्लिपा हमखास तुटतात आणि नव्या शनिवारी रात्री मिळत नाहीत. म्हणून तार कार्पेटखालून, सोबत्याच्या सीटखालून ओढली जाते. सीटच्या रुळाला लागून, मागच्या बोल्टजवळून. वरून हात फिरवला तर एक बारीकसा फुगवटा लागतो. सीट या घडीला पुढे सरकवलेली आहे, त्यामुळे रुळाचं मागचं टोक मोकळं दिसतं. सीट मागे गेल्यावर तिच्याखालचा पत्रा कुठे येतो, हे पाहायला कुणी ती मागे सरकवत नाही.

नालीदार नळी फायरवॉलपाशीच संपली आहे. कार्पेटखाली तिचा फुगवटा फार दिसला असता.

रात्री ८.३०. आगीला ११ तास.

हाच तो तास. पुढे जे घडतं ते इथे ठरतं, दोन मिनिटांच्या बोलण्यात.

संचासोबत ८० अँपिअरचा फ्यूज आहे, पारदर्शक झाकणाच्या डबीत. मालकाने कुठेतरी वाचलेलं असतं. तो विचारतो, "दादा, हा पुढे बॅटरीजवळ लावायचा ना?"

"पुढे कशाला? पुढे इंजिनाची गरमी, पावसाचं पाणी. मागे कॉम्प्रेसरपाशी लावतो. उडाला तर डिकी उघडली की लगेच बदलता येईल. कॉम्प्रेसरला फ्यूज मिळाल्याशी मतलब."

यातलं प्रत्येक वाक्य समजूतदार वाटतं, म्हणून मालक मान डोलावतो. चूक शेवटच्या वाक्यात आहे. हा फ्यूज कॉम्प्रेसरसाठी नसतोच. कॉम्प्रेसर बिघडला तर तो बिघडतो, बदलला जातो. फ्यूज असतो तारेसाठी. आणि तो फक्त स्वतःच्या पुढच्या तारेला राखतो, मागच्या तारेला नाही. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये जेवढी तार आहे तेवढी उघड्यावर पडलेली असते. तिला कुठेही जखम झाली, तर प्रवाह बॅटरीतून निघून जखमेतून पत्र्यात उतरतो. फ्यूज त्या वाटेवर येतच नाही. तो मागे डिकीत बसून राहतो, आणि त्याच्यातून एक अँपिअरही जात नाही.

म्हणून जाणते वायरमन बॅटरीपासून एका हाताच्या आत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत, पहिला फ्यूज घालतात. जितका जवळ तितका चांगला. पाण्याची भीती असेल तर झाकणाची डबी मिळते. बदलायची सोय हा तिथे निकषच नाही, कारण हा फ्यूज उडाला तर आधी कारण शोधायचं असतं. मागे कॉम्प्रेसरपाशी दुसरा घालायचा असेल तर जरूर घालावा, पुढचा असताना.

३७०झेडमध्ये आता बॅटरीपासून डिकीपर्यंतची जवळजवळ पाच मीटर तार बिनफ्यूजची आहे.

रात्री ९.४५.

रिले बसले. दोन कॉम्प्रेसरना दोन. ३० नंबरच्या पिनेवर बॅटरीची तार, ८७ वरून कॉम्प्रेसर, आणि ८५-८६ च्या मधल्या कॉइलला दाबाच्या स्विचमधून, इग्निशनवरून वीज. हे काम चोख झालंय. कॉइलची वीज थेट बॅटरीवरून घेतली असती, तर रात्री हवा गळताच कॉम्प्रेसर आपोआप सुरू होऊन सकाळपर्यंत बॅटरी उतरली असती. अर्थिंगसाठी वायरमनने डिकीतला रंग खरवडून पत्रा चकचकीत केलाय, लग दाबून बसवलाय, वर ग्रीस लावलंय. सुरू होतानाच्या पहिल्या झटक्यात मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, रिलेचे संपर्कबिंदू त्यात चिकटू शकतात, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून एकाच रिलेवर दोन्ही मोटारी टाकायला त्याने नकार दिला. हलगर्जी माणसाच्या हातून झालेली ही आग नाही, हे पुढे वाचताना लक्षात असू द्यावं.

मात्र इग्निशनवर अवलंबून आहे ती फक्त कॉइल. जाड लाल तार इग्निशन बंद केल्यावरही जिवंत असते, रात्रंदिवस.

अशा बाहेरून जोडलेल्या यंत्रणांची आठवण निघाली की मला स्विसएअर १११ टाळता येत नाही. २ सप्टेंबर १९९८ ला न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं ते एमडी-११ कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात कोसळलं, २२९ जण गेले. वास आल्यापासून अंतापर्यंत सुमारे २१ मिनिटं. चौकशीत छतावरच्या जळालेल्या तारांमध्ये प्रवाशांच्या करमणुकीसाठी मागाहून बसवलेल्या यंत्रणेची तारही सापडली, तिच्यावर ठिणगीच्या खुणा होत्या. केबिनची वीज तोडायला वैमानिकांकडे बटण होतं. करमणुकीची यंत्रणा त्या बटणाच्या कक्षेत जोडलेलीच नव्हती. विमान आणि गाडी यांची बरोबरी होत नाही, पण मागाहून आलेल्या तारेला मूळच्या यंत्रणेचे बंद करायचे रस्ते लागू होत नाहीत, ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

रात्री ११. आगीला साडेआठ तास.

पहिल्यांदा हवा भरली. दोन्ही कॉम्प्रेसर घरघरले, काटा २०० वर गेला, आवाज थांबला. गाडी बोटभर, मग वीतभर वर आली. गॅरेजात टाळ्या पडल्या. मालकाने भिडूंना व्हिडिओ पाठवला.

सगळं चालतंय, याचा अर्थ सगळं बरोबर जोडलंय असा घेतला गेला.

रविवार, सकाळी ६.२०. आगीला ७० मिनिटं.

मालकाचा मावसभाऊ सोबत निघालाय. उंच, लांब पायांचा. "अरे, पाय कुठे ठेवू?" म्हणत तो सीट खाडकन मागे ढकलतो, पार शेवटच्या खाचेपर्यंत.

सीटच्या खालचा पत्रा कार्पेटच्या त्या फुगवट्यावर येऊन बसतो. कार्पेट दबतं, तारही दबते. आवरण अजून शाबूत आहे.

सकाळी ६.५०. ४० मिनिटं.

जुना मुंबई-पुणे रस्ता. देहूरोड मागे पडलं. सस्पेन्शन नवं, मालक दर दोन-तीन किलोमीटरवर उंची बदलून बघतोय. खाली घेताना हवा बाहेर सुटते, वर घेताना टाकीतली खर्च होते, म्हणून कॉम्प्रेसर वारंवार लागतोय. रस्त्याचे धक्के आहेतच. प्रत्येक धक्क्याला सत्तर-पंच्याहत्तर किलोचा माणूस सीटसकट किंचित खाली-वर होतो आणि पत्र्याची कड तारेवर करवतीसारखी फिरते. आवरण पीव्हीसीचं. तार कोमट आहे; कोमट पीव्हीसी थंडपेक्षा मऊ, आणि मऊ पीव्हीसी दाबाखाली बाजूला सरत जातं.

सकाळी ७.२४. ६ मिनिटं.

कामशेतच्या खिंडीतून बाहेर पडताना एक खड्डा. स्टिरिओ क्षणभर बंद पडून परत सुरू होतो, डॅशबोर्डचे दिवे मिचकतात. कड पहिल्यांदा धातूपर्यंत पोहोचली, टेकली, उडाली.

"नवीन वायरिंग आहे, सेट होईल," मालक म्हणतो.

विजेच्या बाबतीत सेट होणं असं काही नसतं. दिवे असे मिचकले, विनाकारण, एकदाच जरी, तर गाडी बाजूला घेऊन बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची. या सहा मिनिटांत तेवढी फुरसत होती.

सकाळी ७.३०. शून्य.

दुसरा खड्डा. या वेळी कड धातूत रुतते, ठिणगीने वितळते आणि तिथेच चिकटते.

हिशोब साधा आहे. बॅटरीचा अंतर्गत रोध सहा-सात मिलिओहम, बॅटरीपासून सीटपर्यंतच्या तीन मीटर तारेचा आठ-नऊ, चिकटलेल्या जागेचा आणि पत्र्याचा चार-पाच. एकूण वीसेक. साडेबारा व्होल्टला हा रोध म्हणजे ६०० अँपिअरच्या घरातला प्रवाह. तारेच्या दर मीटरला एक किलोवॅट उष्णता, म्हणजे इस्त्रीचा सगळा ताप एका मीटरमध्ये, कार्पेटच्या घडीत कोंडलेला. या तारेचं वजन इतकं कमी की ती दर सेकंदाला तीसहून जास्त अंशांनी तापते. सहा-सात सेकंदांत आवरण वितळून धूर सोडू लागतं. पाठोपाठ कार्पेटखालचा नमदा पेटतो.

८० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ असता, तर ६०० अँपिअरला तो सेकंदाच्या काही अंशात तुटला असता. कॉम्प्रेसर बंद पडले असते. मेळाव्यात गाडी वर-खाली झाली नसती. एवढंच.

७.३१.

पांढरा, तिखट, डोळ्यांत आग करणारा धूर. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईड सुटतो, तो ओल्या जागी आम्ल बनतो, घशात, डोळ्यांत. मालक गाडी कडेला घेतो, इंजिन बंद करतो. दोघं बाहेर पडतात आणि ते वेळेत बाहेर पडतात.

इंजिन बंद झाल्याने तारेला काही फरक पडत नाही.

मालकाला बॅटरी सुचते. तो बॉनेट उघडतो, प्लास्टिकचं झाकण उपटतो. निगेटिव्हचा नट घट्ट आहे. दहा नंबरचा पाना हवा. पाना हत्यारांच्या पेटीत, पेटी डिकीत, टाकीच्या खाली. डिकीकडे जायची वाट धुराने भरलेली. तो नुसत्या हाताने टर्मिनल हलवून बघतो. तळहात भाजतो, टर्मिनल हलत नाही.

७.३४.

मागून आलेला एक ट्रकवाला सीटखालची ज्वाला बघून अग्निशामक घेऊन धावतो. पावडर मारतो, ज्वाला विझते. सगळे एक पाऊल मागे येतात. दहा-पंधरा सेकंदांनी त्याच जागी पुन्हा भडका. पावडर ज्योत मारते, धातू थंड करत नाही. तारेचा गाभा एव्हाना जागोजागी तुटलाय, पण तुटकं टोक पत्र्याला लागलं की परत ठिणगी, आणि बॅटरीत अजून भरपूर आहे. विजेची आग वीज तोडल्याशिवाय विझत नाही. दुसरा अग्निशामक तिथे कुणाकडे नाही.

७.३७.

हवेच्या नायलॉनच्या नळ्या वितळतात. टाकीतली हवा मोकळी केली तर अडीचशे लिटर होईल. ती फुत्कारत आगीवर येते. बेलो रिकामे होतात आणि गाडी पूर्ण खाली बसते, पोट रस्त्याला टेकवून. आता ती ढकलता येत नाही, तिच्याखाली जॅक जात नाही.

अग्निशमन दलाची गाडी येईतो काचा फुटल्या होत्या आणि छत खाली आलं होतं.

नंतर.

तपासणाऱ्याला सीटच्या रुळापाशी पत्र्यावर धातूचा एक गोल मणी चिकटलेला मिळाला. साध्या आगीत धातू ओघळतो. शॉर्टच्या जागी तो असा मण्यासारखा गोळा होतो आणि शेजारची तार धडधाकट दिसते. डिकीतल्या फ्यूजची डबी विरघळली होती. आतली पट्टी सलग होती, कुठेही तुटलेली नव्हती. विम्याच्या सर्व्हेअरने दोन्हींचे फोटो घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो बदलाच्या नोंदीचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, कारखान्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलातून लागलेली आग म्हटल्यावर दाव्याचं काय होईल, हे मालकाला तिथेच उमजलं.

सोमवारी गॅरेजने आधी अशीच वायरिंग केलेल्या गाड्या परत बोलावल्या. एका गाडीत सीट उचलल्यावर तारेचं आवरण एका जागी चपटं होऊन पांढरट पडलेलं दिसलं. वायरमनने आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग ती तार सबंध बाहेर ओढली. नवी तार तांब्याची आणली, वजन करून. उंबऱ्याच्या पट्ट्या काढल्या, क्लिपा तुटल्या, नव्या मागवल्या. फ्यूज बॉनेटखाली बॅटरीला लागून बसवला. मग दोन्ही सीटा रुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून, खाली दिवा धरून पाहिलं. त्या गाडीचा मालक संध्याकाळी ती न्यायला आला तेव्हा क्लिपा आलेल्या नव्हत्या. गाडी त्याला बुधवारी मिळाली.